पुराचं पाणी टीव्हीवर चौकोनी का दिसतं?

प्रश्न : आमचा केबलवाला जुना सेट टॉप बॉक्स बदलून ‘एमपेग-४’चा घ्या म्हणून मागे लागलाय. जुना अजून ठणठणीत आहे. हा पैसे काढायचा धंदा तर नाही ना? दुसरं म्हणजे, गोदावरीला पूर आला की बातम्यांत पाण्याचे चौकोन चौकोन होतात, निवेदिका मात्र स्वच्छ दिसते. असं का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : आधी पुराचं सांगतो, बॉक्सचं त्यातूनच उलगडेल.

एचडी चित्र जसंच्या तसं पाठवायचं तर सेकंदाला सहाशे मेगाबिटच्या वर लागतात. केबलच्या एका फ्रिक्वेन्सीवर एरवी ३८च्या आसपास मावतात, तेही दहा-बारा चॅनेलनी वाटून घ्यायचे. मग एन्कोडर, म्हणजे चित्र दाबून लहान करणारं यंत्र, काटकसर करतो. निवेदिकेचं टेबल, मागचा पडदा, खांदे हलत नाहीत; तिथं ‘मागचंच ठेवा’ एवढाच निरोप जातो. तिनं मान वळवली तर तो तुकडा किती सरकला, तेवढंच कळवायचं.

आता गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला लागलेलं गढूळ पाणी घ्या. दर फ्रेमला भोवरा नवा, फेस नवा, वरून पाऊस. मागच्या फ्रेममधलं काहीच जुळत नाही. बिट पुरेनात की एन्कोडर बारकावे सोडून देतो. चित्र आधीच ठोकळ्यांत कापलेलं असतं, त्यांचे सांधे उघडे पडतात. त्यात वार्ताहरानं होळकर पुलावरून मोबाइलनं पाठवलेलं दृश्य वाटेत दोन-तीनदा दाबलं गेलेलं.

मी कंट्रोल रूममध्ये बसायचो तेव्हा पुराच्या दिवशी हमखास फोन यायचे. बातम्यांचे चॅनेल एकाच फ्रिक्वेन्सीच्या गठ्ठ्यात. एरवी एकाचे उरलेले बिट दुसऱ्याला मिळतात. त्या दिवशी सगळेच रामकुंडावर, सगळेच भुकेले!

आता बॉक्स. नाशिकमध्ये डिजिटल केबलची सक्ती ३१ मार्च २०१३पासूनची. तुमचा बॉक्स त्या वेळचा एमपेग-२चा, म्हणजे चित्र दाबायच्या जुन्या पद्धतीचा असेल, तर त्याची चिप नवी भाषा वाचूच शकत नाही, अपडेट मारूनही नाही. २००३मध्ये आलेलं एच.२६४, म्हणजे तुमचं एमपेग-४, तेच चित्र साधारण निम्म्या बिटांत बसवतं. २०१३चं एचईव्हीसी ही त्यापुढची पद्धत, ती त्याच्याही निम्म्यात.

तेव्हा केबलवाला थाप मारत नाहीये. घाई मात्र त्याच्या सोयीची आहे. जुने बॉक्स शिल्लक आहेत तोवर त्याला तोच चॅनेल दोन्ही पद्धतींनी सोडावा लागतो, म्हणजे जागा वाचण्याऐवजी जास्तच जाते. शेवटचा जुना बॉक्स निघाला की त्याची खरी बचत सुरू. आणि ती जागा चित्र सुधारायला मिळेल असं धरून चालू नका. बहुतेकदा तिथं आणखी चॅनेल येऊन बसतात.

म्हणून पैशांची घासाघीस जरूर करा. फायदा त्याचा आहे, तर जुन्या बॉक्सच्या बदल्यात सूट मागायला संकोच कसला? आणि नवा घेताना त्यावर एचईव्हीसी चालतं का, ते विचारा. नाहीतर हाच माणूस काही वर्षांनी परत दारात.