वयाने मोठ्या सहकाऱ्यांचे नेतृत्व करताना काम नीट व्हावे आणि स्वतःही समाधानी राहावे, यासाठी काय करावे?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मालवणजवळच्या एका काजू कारखान्यात तुमच्याकडे देखरेखीचे काम आले आहे. हाताखालच्या चाळीसएक बायकांपैकी बहुतेक जणी तुमच्या आईच्या वयाच्या आहेत; त्या तोंडावर ‘होय’ म्हणतात आणि आपल्या पद्धतीनेच काम करतात. घरी गेल्यावरही कारखाना डोक्यातून जात नाही, आणि अशातच मुंबईहून जास्त पगाराची नोकरी चालून आली आहे. पुढे कसे जावे आणि सुखी कसे राहावे, असे तुम्ही विचारले आहे. मी देवगड तालुक्यात आंब्याच्या पॅकिंगमध्ये सव्वीस हंगाम काढले. त्यांतले एकोणीस हंगाम माणसे सांभाळण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. त्या अनुभवातून जे ठामपणे सांगता येईल, तेवढेच लिहितो.

माझ्या मते तुमच्या तिन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. वाईट बातमी तुमच्यापर्यंत वेळेवर पोचते की नाही, यावर तुमचे काम, तुमचा मान आणि तुमचे घर ही तिन्ही अवलंबून आहेत. आणि ती पोचावी की वाटेतच जिरावी, हे समोरच्या माणसापेक्षा तुमच्या वागण्यावर जास्त ठरते.

मी हे फार महाग शिकलो. व्यवस्थापक म्हणून माझा तो तिसरा हंगाम होता आणि मे महिना लागला होता. वाशीच्या बाजारातून दलालाने पाठवलेल्या विक्रीच्या हिशेबात, म्हणजे पट्टीत, मोठी कटती (खराब मालापोटी कापलेली रक्कम) दाखवली होती आणि खाली ‘साका’ एवढा एकच शब्द लिहिलेला होता. ज्यांना आंब्याची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो: साका झालेले हापूसचे फळ बाहेरून अगदी निर्दोष दिसते, रंग येतो, वासही येतो, पण कापल्यावर आत बाठ्याभोवती पांढरट, स्पंजासारखा, आंबूस गर निघतो. वरून पाहून तो ओळखता येत नाही. तरीही मी वर्गवारी करणाऱ्या बायकांना सगळ्यांसमोर फैलावर घेतले, लक्ष नसते म्हणालो आणि अर्ध्या दिवसाची हजेरी कापली. त्यांच्यापैकी एकीनेही उलट शब्द काढला नाही. पुढच्या आठवड्याच्या पट्टीत कटती आणखी वाढलेली होती.

त्यानंतर एका दुपारी पेज घेऊन मी त्यांच्याच बाजूला सावलीत बसलो होतो. आमच्याकडे सगळ्यांत जुनी असलेली काकी माझ्याकडे न पाहताच म्हणाली, “कातळ दुपारचो तापता, आंबो खालसून शिजता.” मी उठून बाहेर गेलो. बागेतून आलेले क्रेट गाडीतून उतरवून उघड्या कातळावर ओळीने ठेवलेले होते आणि त्यांना तिथे येऊन दोन तास झाले होते. एका क्रेटच्या तळाशी हात घातला तर खालची फळे कोमट नव्हे, चांगली गरम लागली. काढणीनंतर फळाला ऊन आणि जमिनीची धग लागली की साका वाढतो, हे कृषी विद्यापीठाचे लोक शिबिरांतून सांगतच होते. मीही ते ऐकलेले होते. फक्त माझे क्रेट कुठे उतरतात, हे मी पाहिलेले नव्हते. काकीला मी विचारले की हे आधी का सांगितले नाही. ती म्हणाली, “माका कोणी इचारल्यान नाय.”

दुसऱ्या दिवशी काम सुरू होण्यापूर्वी मी सगळ्यांना एकत्र बोलावले, चूक माझी होती असे स्पष्ट शब्दांत सांगितले आणि कापलेली हजेरी परत केली. क्रेट झाडांच्या सावलीत, पेंढ्यावर उतरवण्याचे ठरले. सकाळी दहानंतर काढणी थांबवून ती चारनंतर पुन्हा सुरू करायची, झाडावर जास्त पिकू न देता चौदा आणे, म्हणजे साधारण पंच्याऐंशी टक्के, तयार झालेलेच फळ झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) देठासकट काढायचे, हेही पक्के केले. साका पूर्णपणे थांबला नाही, कारण हापूसच्या जातीतच तो दोष आहे. पण कटती नेहमीच्या प्रमाणावर आली. त्याहून मोठा फरक असा पडला की त्यानंतर बायका मला न विचारताही सांगू लागल्या: ह्या बागेची फळे कोवळी आली आहेत, त्या पोराने देठ मोडून काढली म्हणून चीक सांडून डाग पडले आहेत, पुठ्ठ्याचे खोके ह्या वेळी पातळ आले आहे.

तुमच्या कारखान्यातही असेच पाहा. अख्ख्या गराऐवजी तुकडा जास्त पडू लागला, तर बी फोडणाऱ्या हाताला दोष देण्याआधी बी उकडताना वाफ नीट लागली का आणि फोडण्याआधी ती पुरेशी सुकली का, हे त्याच बायकांना विचारा. जी बाई वर्षानुवर्षे रोज काही किलो बी फोडते, तिच्या बोटांना बॉयलरची चूक तुमच्या कागदाच्या आधी कळते. मात्र विचारण्याची एक रीत आहे. सगळ्यांच्या देखत विचारू नका, उभ्याने विचारू नका, आणि मिळालेले उत्तर अडचणीचे असले तरी त्या दिवशी रागावू नका. एकदा रागावलात तर तो रस्ता वर्षभरासाठी बंद होतो. वयाने मोठ्या माणसांना तुमचा अधिकार खुपत नाही. आपल्याला काही कळते हे तुम्हाला मान्य नाही, असे वाटले की त्या ‘होय’ म्हणून गप्प बसतात.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. वाईट बातमी तुमच्याकडून खाली जातानाही वेळेवर आणि पूर्ण गेली पाहिजे. 1 मे 2014 पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्याच्या आयातीवर बंदी घातली, कारण आधी गेलेल्या मालात फळमाशी सापडली होती. ऐन हंगामात ही बातमी आली. आमचा माल थेट परदेशी जात नसला, तरी जो निर्यातीचा आंबा होता तो देशातल्या बाजारात उतरणार आणि दर पडणार, हे उघड होते. मालकांना वाटत होते की माणसांना एवढ्यात काही सांगू नये. मी हट्टाने सांगायला लावले: पुढचे पंधरा दिवस काम निश्चित आहे, त्यानंतरचे सांगता येत नाही, आणि ज्यांना दुसरीकडे काम मिळेल त्यांनी खुशाल जावे. सहा जणी गेल्या. जानेवारी 2015 मध्ये बंदी उठली आणि पुढच्या हंगामात त्या सहाही जणी परत आल्या. त्या वर्षी आसपासच्या पॅकहाउसना माणसे मिळवताना नाकी नऊ आले होते, म्हणून मला त्याचे मोल कळले.

कारकिर्दीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यात फारसे गूढ नाही. रोज रात्री चार ओळींची नोंद ठेवा: किती माल आला, किती बिघडला, का बिघडला, कोणी लक्षात आणून दिले. शेवटचा रकाना चुकवू नका आणि पगारवाढीच्या वेळी तीच वही मालकांसमोर उघडून त्या नावांची शिफारस करा. मला बढती मिळाली ती अशाच वहीमुळे, असे मी खात्रीने म्हणू शकतो.

आता घराविषयी. कारखान्यात जे सुधारले, ते मी घरी कित्येक वर्षे केलेच नाही. मार्च ते मे मी घरी असून नसल्यासारखा असे. एका जूनमध्ये, पाऊस लागल्यावर, मला समजले की मुलीने दहावीनंतरची शाखा ठरवून टाकली आहे. मला का सांगितले नाहीस, असे विचारले, तर ती अगदी सहज म्हणाली, “बाबा, तुमचा हंगाम चालू होता.” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते मला जास्त लागले. काकीचे वाक्य मी दुसऱ्यांदा ऐकत होतो.

त्या वर्षापासून हंगाम असो वा नसो, रात्री आठ ते साडेनऊ मी फोन बाहेरच्या खोलीत ठेवू लागलो. दलालांना ती वेळ कळवून टाकली. पहिले आठ दिवस कुरबुर झाली, मग सगळ्यांना सवय झाली. त्या दीड तासामुळे एकही गाडी चुकली नाही. आमच्याकडे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत कलमांच्या मुळाशी पॅक्लोब्युट्राझॉल हे वाढ रोखणारे औषध घालतात, त्याने मोहोर लवकर आणि भरपूर येतो. पण खतपाणी न देता दरवर्षी तेच केले तर झाड खंगते, हे बागायतदार डोळ्यांनी पाहतो. डोक्यातून कारखाना जात नाही असे तुम्ही लिहिलेत, तेव्हा मला अशी दोन-तीन कलमे आठवली.

मुंबईच्या नोकरीबाबत माझे मत विचाराल, तर पगाराचा आकडा बाजूला ठेवून एक गोष्ट शोधा: तिथे तुमच्या वरच्या माणसाला त्याच्या हाताखालचे लोक खरे सांगतात का. मुलाखतीला जाल तेव्हा अर्धा तास आधी पोचून तिथल्या शिपायाशी, गोदामातल्या माणसांशी बोला. ती मोकळेपणाने बोलली तर अवश्य जा. ती इकडे-तिकडे पाहून गप्प झाली, तर इथेच अजून दोन हंगाम काढावेत असे मला वाटते.

आणि ह्याच आठवड्यात एक करा. हाताला तेल लावून तुमच्याकडच्या सगळ्यांत जुन्या मावशीच्या शेजारी बसा आणि किलोभर बी स्वतः फोडा. तुमचा तुकडा तिच्या कितीतरी पट पडेल. तो का पडला, हे तिलाच विचारा आणि ती सांगेल ते त्या रात्री वहीत लिहा.