किल्ली कोणाच्या कमरेला?

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. कॅलिफोर्निया राज्याच्या राखीव निधीची, म्हणजे वाईट दिवसांसाठीच्या साठ्याची, मर्यादा करउत्पन्नाच्या १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर न्यायची, ही गव्हर्नर न्यूसम यांनी जानेवारी २०२५ मध्ये मांडलेली कल्पना, तिच्यावर तुला दोन पानी टिपण लिहायला सांगितलंय. आणि तू मला विचारतेस, "काका, भांडवली नफ्याच्या कराची ८ टक्क्यांची अट ज्यांना कळत नाही, त्या लोकांना हे विचारायचंच कशाला?"

हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि अंगणात झाडांना पाणी घालून आलो. राग आला होता. तुझा थोडा, स्वतःचा जास्त. कारण २००९ साली हेच वाक्य माझ्या तोंडी होतं.

ही मर्यादा कॅलिफोर्नियाच्या घटनेत आहे, आणि विधिमंडळामार्फत घटनेत बदल करायचा तर दोन्ही सभागृहांचं दोन तृतीयांश मत आणि मग मतदारांचं बहुमत लागतं, हे तुला ठाऊक आहे. म्हणजे विचारायचं की नाही हा प्रश्नच नाही. काय विचारायचं, एवढाच आहे. आणि ते एकच आहे: किल्ली कोणाच्या कमरेला? निधी कसा भरणार हे सगळेच सांगतात, आकडे फेकून सांगतात. तो उघडणार कोण, केव्हा, आणि किती काढणार, हे लोकांना आधी सांग.

लोकांना कळत नाही म्हणतेस ना, मग हे बघ. मार्च २००४, प्रपोझिशन ५८ (प्रपोझिशन म्हणजे थेट मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव), याच निधीची स्थापना: ७१ टक्के लोक हो म्हणाले. मे २००९, प्रपोझिशन १-अ, हाच निधी मोठा करायचा: ६५ टक्के नाही. नोव्हेंबर २०१४, प्रपोझिशन २, पुन्हा हाच निधी: ६९ टक्के हो. राज्य तेच, विषय तोच, सगळं दहा-अकरा वर्षांत. अडाण्यांचा कौल असा असतो? २००९ला त्याच दिवशी त्याच मतपत्रिकेवर, तुटीच्या वर्षात आमदारांना पगारवाढ नको, या प्रस्तावाला ७४ टक्के हो मिळाले. वाचून, निवडून मत दिलं होतं लोकांनी.

२००४च्या निधीची किल्ली गव्हर्नरच्या कमरेला होती. दरवर्षी सर्वसाधारण निधीतले, म्हणजे राज्याच्या मुख्य खात्यातले, आधी १, मग २ आणि पुढे ३ टक्के टाकायचे, पण गव्हर्नरने एक आदेश काढला की त्या वर्षीचा भरणा थांबणार. झालं काय? २००६-०७ आणि २००७-०८, दोनच वर्षं पैसे पडले. मंदी आली तेव्हा ती पेटी आमच्या काही कामाची उरली नव्हती. पुढे २०१४पर्यंत दरवर्षी भरणा थांबवायचा आदेश निघत राहिला. कायद्यात राखीव निधी होता, खात्यात नव्हता.

आता २००९चं सांगतो. हे मी फार जणांना सांगितलेलं नाही.

मी तेव्हा सरकारी नोकरीत, आकडेमोडीच्या कामाला. संध्याकाळी, स्वतःच्या वेळेत, ओळखीच्यांच्या घरी बसून १-अ समजावून सांगायचो. (तू आमदाराच्या कार्यालयात आहेस. कामाच्या वेळेत आणि सरकारी खर्चाने प्रचाराचा एक शब्दही लिहायचा नाही. माहितीचं टिपण वेगळं, प्रचार वेगळा. ती रेघ ओलांडू नकोस.) एका घरी दहा-बाराजण होते. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या एक बाई मतदारांची पुस्तिका घेऊन आल्या होत्या, पानाचा कोपरा दुमडून. त्यांनी विचारलं, "यात कर वाढतोय ना?"

मी म्हणालो, "तो वेगळ्या कायद्यात आहे."

खरं होतं ते. फेब्रुवारीत वाढवलेले तात्पुरते कर १-अ संमत झाला तरच पुढे चालू राहणार होते. सुमारे १६ अब्ज डॉलरची गोष्ट. पण प्रस्तावाच्या मथळ्यात कराचं नाव नव्हतं, ते खाली आर्थिक परिणामाच्या ओळीत होतं. आणि मीही ते नाव तोंडातून काढलं नाही. मग त्यांनी विचारलं, "आणि साठवलेले पैसे काढणार कोण?" मी सूत्र सांगायला लागलो. सरासरी, कल, दहा वर्षांची आकडेवारी. त्यांनी पुस्तिका मिटली आणि म्हणाल्या, "कळलं."

घरी आल्यावर मी बायकोला म्हणालो, लोकांना कळत नाही.

जुलैत राज्याने आयओयू, म्हणजे 'पैसे नंतर देऊ' असं लिहिलेले कागद, वाटायला सुरुवात केली. त्या बाईंना कराचा परतावा यायचा होता, त्याऐवजी तो कागद आला. आम्हा नोकरदारांना महिन्याला तीन दिवस बिनपगारी. घराचा हप्ता काही बिनपगारी होत नाही.

एक गोष्ट मात्र मी अजूनही सोडत नाही. १-अ च्या बाजूने उभा राहिलो यात माझं चुकलं नव्हतं. निधी साडेबारा टक्क्यांपर्यंत नेणं योग्यच होतं, पाच वर्षांनी लोकांनी जवळपास तेच स्वीकारलं. माझी बाजू बरोबर होती. मी उत्तर दिलं नाही, ते चुकलं. तू म्हणशील, काका अजून स्वतःची वकिली करतायत. करतोय. पण त्या बाईंचा दुसरा प्रश्न मी तेव्हा नीट ऐकला असता तर पुढची पंधरा वर्षं तो घेऊन फिरलो नसतो.

२०१४चं तुला माहीत आहे, तरी एकदा किल्लीच्या बाजूने बघ. दरवर्षी उत्पन्नाचे दीड टक्के, शिवाय भांडवली नफ्याचा कर सर्वसाधारण निधीच्या करउत्पन्नाच्या ८ टक्क्यांच्या वर गेला तर वरचा भाग. या सगळ्यातले निम्मे पंधरा वर्षं कर्जफेडीला. ही झाली भरणी. हे ८ टक्के कशासाठी ते एका वाक्यात सांगता येतं: आपल्या राज्याचा निम्म्याच्या आसपास आयकर वरच्या एक टक्का लोकांकडून येतो, आणि शेअर बाजार पडला की तो आटतो. बघ, कळतं की नाही? आता किल्ली. गव्हर्नरने आणीबाणी जाहीर करायची, सभागृहांनीही मान्य करायची, आणि पहिल्या वर्षी फार तर निम्मी रक्कम काढायची. दोन किल्ल्या, दोन कमरा. तेव्हाचे गव्हर्नर जेरी ब्राऊन स्वतःच्या फेरनिवडणुकीपेक्षा या प्रस्तावासाठी आणि पाण्याच्या कामांच्या कर्जरोख्यांसाठी जास्त फिरले. त्यांना कारण होतं. १९७८ सालीही तेच गव्हर्नर होते, तिजोरीत अब्जावधींची शिल्लक पडली होती, ती कशासाठी आहे हे कोणी धड सांगत नव्हतं, आणि घरपट्टीने पिचलेल्या लोकांनी घरपट्टीला लगाम घालणारं प्रपोझिशन १३ आणून उत्तर दिलं.

२०१४चा व्यवहारही धुतल्या तांदळासारखा नव्हता. त्याच उन्हाळ्यात शालेय जिल्ह्यांनी स्वतःची शिल्लक किती ठेवायची यावर वेगळ्या कायद्यातून मर्यादा आली, आणि पालक संतापले. संतापायलाच हवं होतं.

माझं आजोळ सांगलीजवळचं हरिपूर. तिथे हळद जमिनीखालच्या पेवांत ठेवायचे. भरून तोंड मातीने बंद. पेव उघडलं की कोणी लगेच आत उतरत नसे, आतली हवा माणसाचा जीव घेते. तोंड उघडं ठेवून वाट बघायची, मग कंदील खाली सोडायचा, तो जळत राहिला तरच माणूस उतरणार. प्रपोझिशन २ मधली आणीबाणीची व्याख्या म्हणजे तो कंदील. २०२०ला करोनात सुमारे ७.८ अब्ज काढले, फारशी हरकत कोणी घेतली नाही. २०२४ला मंदी नव्हती, तरी दोन वर्षांत मिळून सुमारे १२ अब्ज काढायचं ठरलं, कारण व्याख्येत मंदीची अट नाहीच. आधीच्या तीन वर्षांतला सर्वांत मोठा खर्च, लोकसंख्या आणि महागाई धरून, उत्पन्नात भागत नसला की पुरे. तुला ते पैसे काढल्याचा राग आहे, मलाही तो आला होता. पण नियम मोडला नाही. नियम तसाच लिहिलेला आहे, आणि लोकांना ते कोणी ठळक अक्षरात सांगितलं नव्हतं.

तर आता मर्यादा दुप्पट करताना पहिल्या पानावर हेच यायला हवं. भरणी दुसऱ्या पानावर. राखीव निधीत टाकलेला पैसा १९७९च्या गॅन मर्यादेत, म्हणजे राज्याच्या खर्चावर घातलेल्या मर्यादेत, खर्च म्हणून धरला जातो, तो वगळायचा हाही या कल्पनेचा भाग आहे. तो लपवू नकोस, त्याला स्वतंत्र परिच्छेद दे. साठवलेल्याला खर्च म्हणणं मला कधीच पटलं नाही, पण ते माझं मत. टिपणात मत नको.

आणि "लोकांना कळत नाही" हे पुन्हा मला लिहून पाठवू नकोस. ऐकवत नाही.

शनिवारी मसुदा घेऊन ये. काकू थालीपीठ करणार आहे. पहिलं पान मी मोठ्याने वाचेन, आणि "पैसे काढणार कोण" याचं उत्तर तिसऱ्या ओळीपर्यंत आलं नाही तर तिथेच थांबून तुला परत लिहायला बसवेन. जेवण त्यानंतर.

तुझा,
सॅक्रमेंटोचा काका