चाळिशीनंतर नर्स प्रॅक्टिशनर की फिजिशियन असिस्टंट?

प्रश्न : मी 42 वर्षांची असून नांदेडच्या एका खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागात स्टाफ नर्स आहे. जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेनंतर मी पोस्ट बेसिक बी.एस्सी. ही नर्सिंगची पदवी घेतली आहे. मुलगा यंदा बारावीला आहे. अमेरिकेतली भाची फिजिशियन असिस्टंट, म्हणजे तपासणी व उपचारांत डॉक्टरांना साहाय्य करणारी व्यावसायिक, होण्याचा आग्रह करते, तर सहकारी नर्स प्रॅक्टिशनरचा, म्हणजे उपचारांत अधिक जबाबदारी घेणाऱ्या उच्चशिक्षित परिचारिकेचा, अभ्यासक्रम सुचवतात. या वयात काय निवडावे?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : तुमची भाची सांगते ते अमेरिकेपुरते बरोबर आहे. तिथे पदवीनंतर साधारण सव्वादोन वर्षांत फिजिशियन असिस्टंट होता येते. आपल्याकडे मात्र हा मुख्यतः बारावी विज्ञाननंतरचा, इंटर्नशिपसह चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. म्हणजे मुलाच्या वयाच्या विद्यार्थ्यांसोबत तुम्हाला पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागेल आणि रुग्णसेवेतली तुमची इतकी वर्षे प्रवेशाच्या वेळी जमेस धरली जाणार नाहीत. 2021 च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाची दखल घेतली असली, तरी त्यातल्या नोकऱ्या प्रामुख्याने महानगरांतल्या मोठ्या रुग्णालयांत आहेत. नांदेड सोडायचे नसेल, तर हा मार्ग मी तुम्हाला सुचवणार नाही.

याउलट इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम नोंदणीकृत बी.एस्सी. परिचारिकांसाठीच आहे. त्याला किमान एक वर्षाचा रुग्णसेवेचा अनुभव लागतो आणि त्यातले सुमारे 80 टक्के शिक्षण प्रत्यक्ष रुग्णांजवळच होते. मण्यार चावलेल्या रुग्णाच्या पापण्या जड होऊ लागल्या, की पुढे श्वास मंदावणार हे ओळखून व्हेंटिलेटर तयार ठेवणे आणि डॉक्टरांना फोनवर नेमके आकडे सांगणे, हे पावसाळ्यात तुम्ही केलेच असणार. त्यामागचे शरीरशास्त्र, औषधांची मात्रा, रक्तातील वायूंच्या तपासणीचा अर्थ हे सारे इथे रीतसर शिकायला मिळते, आणि अशा जाणत्या परिचारिकांची मराठवाड्यातल्या रुग्णालयांना फार गरज आहे, असे मला मनापासून वाटते.

एक मर्यादा मात्र आधीच लक्षात घ्यावी. अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय उपचार करू शकतात. भारतात ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीच्या चौकटीतच काम करावे लागते आणि उपचारांचा अंतिम निर्णय डॉक्टरांचाच असतो. शिवाय पदवी मिळाली म्हणून पद आणि पगार आपोआप वाढत नाहीत. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी, अभ्यासक्रमानंतर कोणते पदनाम व किती वेतन मिळेल आणि या दोन वर्षांत पगार चालू राहील का, हे तुमच्या रुग्णालयाच्या व्यवस्थापनाकडून लेखी घ्यावे. निवडलेल्या महाविद्यालयाला कौन्सिलची मान्यता आहे का, हे स्वतः तपासावे. तुम्ही गाव बदलायला तयार असाल आणि मुलाच्या शिक्षणाचा खर्च त्या काळात घरातले दुसरे कोणी उचलणार असेल, तर पुढच्याच सत्रात प्रवेश घ्यावा. वयाचा अडथळा मला इथे दिसत नाही.