ब्रेक दाबूनही मागचे दिवे लागत नाहीत

प्रश्न : माझ्या कारचे मागचे रात्रीचे दिवे लागतात, मात्र ब्रेक दाबल्यावर दोन्हीकडचे ब्रेकलाइट लागत नाहीत. बल्ब बदलूनही उपयोग झाला नाही. काय तपासावे?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : वर्धा रोडवरील भरधाव वाहतुकीत अशी गाडी नेणे धोक्याचे आहे, तेव्हा दुरुस्तीपर्यंत ती कृपया बाहेर काढू नये. दोन्ही दिवे एकदम गेल्यास दोष सहसा बल्बमध्ये नसतो; म्हणून आधी फ्यूज पाहावा आणि तो शाबूत असल्यास ब्रेक पेडलच्या वरच्या बाजूस बसवलेला स्विच तपासावा, कारण अनेक गाड्यांत पेडल दाबताच दिव्यांकडे जाणारा वीजप्रवाह तोच सुरू करतो. टेस्ट लॅम्प (तारेत वीज आहे का ते दाखवणारा छोटा दिवा) लावल्यावर स्विचपर्यंत १२ व्होल्ट येत असूनही पेडल दाबल्यावर पुढे जात नसतील, तर स्विच बदलावा. नवा फ्यूजही उडाल्यास अधिक अँपिअरचा फ्यूज मुळीच बसवू नये; डिकीच्या बिजागरीजवळ घासलेली तार शोधावी.