लेन्स नंतर, आधी वारा: मोरजीला काईटसर्फिंगचे फोटो काढताना

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कोल्हापूरहून अधूनमधून गोव्याला जाणं होतं, मोरजीच्या किनाऱ्यावर काईटसर्फिंग करणाऱ्यांचे, म्हणजे पायाखाली बोर्ड घेऊन मोठ्या पतंगाच्या (काईटच्या) ओढीने पाण्यावर धावणाऱ्यांचे फोटो काढता. क्रॉप सेन्सरचा (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि ७०-३०० मिमी लेन्स आहे. फोटोत माणूस काळा येतो, बहुतेक वेळा पाठमोरा असतो, आणि काईट फ्रेममध्ये घ्यायला गेलं की माणूस मुंगीएवढा होतो. म्हणून हप्त्यावर १५०-६०० मिमीची मोठी लेन्स घ्यावी का, असं विचारलंय.

माझं मत स्पष्ट सांगतो: आत्ता घेऊ नका. काळा आणि पाठमोरा, या दोन्ही तक्रारी तुम्ही कुठे उभे राहता त्यामुळे आहेत. ६०० मिमीने तीच काळी पाठ मोठी दिसेल.

मोरजी-आश्वेचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. दुपारी जमीन तापली की खारे वारे सुटतात. एक-दोनच्या सुमारास ते जाणवायला लागतात, तीन ते पाच चांगले भरतात आणि सूर्य टेकायला आला की पडतात. फेब्रुवारी ते मे हा त्यांचा खात्रीचा काळ. वारा येतो वायव्येकडून, म्हणजे समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं तर उजव्या हाताच्या बाजूने तिरका. सर्फर या वाऱ्याला आडवा ये-जा करतो. काईट त्याला वाऱ्याच्या दिशेने ओढत असतो आणि तो ओढ तोलायला वाऱ्याकडे पाठ करून मागे रेललेला असतो. त्यामुळे जातानाही आणि येतानाही त्याचं तोंड साधारण आग्नेयेकडे असतं. अपवाद म्हणजे टो-साइड, म्हणजे वाऱ्याकडे तोंड करून जाणं. ते सगळे करत नाहीत आणि फार वेळही करत नाहीत.

आता तुम्ही प्रश्नासोबत टाकलेले फोटो बघा. काही सरळ पश्चिमेकडे काढलेत, तिथे सूर्य सर्फरच्या मागे आहे. बाकीचे लाँचच्या (काईट हवेत सोडायच्या) जागेजवळून, म्हणजे वारा येतो त्या बाजूने काढलेत, तिथे पाठी दिसणारच. सगळे ये-जा करतात त्या पट्ट्याच्या दक्षिणेला जा आणि कॅमेरा उत्तर-वायव्येकडे वळवा. चेहरा, बारवरचे (काईट वळवायच्या दांड्यावरचे) हात, ताणलेले दंड, सगळं तुमच्या बाजूला येतं. फेब्रुवारीत दुपारी चारला सूर्य नैर्ऋत्य आणि पश्चिमेच्या मधे असतो, म्हणजे तुमच्या डाव्या खांद्याच्या रेषेत. बाजूने येणाऱ्या या प्रकाशात पाण्याचा उडालेला फवारा सुटा दिसतो आणि अंगाला गोलाई येते. एप्रिल-मेमध्ये याच वेळचा सूर्य पश्चिमेला सरकलेला असतो, तेव्हा कॅमेरा आणखी उत्तरेकडे, जवळजवळ किनाऱ्याच्या रेषेत धरावा लागतो.

पण इथे नीट ऐका. जी बाजू फोटोला उत्तम, तीच बाजू धोक्याचीही आहे. काही बिघडलं, लाइन (काईटची दोरी) सुटली, नवशिक्याच्या हातून काईट खाली आपटला, तर ते सगळं वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे तुमच्याकडे येतं. लाइन्स साधारण २० ते २४ मीटर लांब असतात. माझा नियम असा की जवळच्या काईटपासून किमान दोन लाइनींइतकं, म्हणजे पन्नास मीटर अंतर ठेवायचं, आणि लाँच किंवा लँडिंग चालू असेल तर कॅमेरा खाली करून नुसतं बघायचं. वाळूवर पसरलेल्या लाइन्स ओलांडायच्या नाहीत. त्या बारीक असतात, पण ताण आला की कापतात. हाताने धरायला तर कधीच जाऊ नका. कुणी काईट धरायला सांगितला आणि तुम्हाला ते शिकवलेलं नसेल, तर सरळ नाही म्हणा, कुणी वाईट वाटून घेत नाही. दोन खुणा ओळखून ठेवा: अंगठा वर म्हणजे लाँचला तयार, आणि डोक्यावर हात थोपटला म्हणजे सर्फरला काईट खाली उतरवायचा आहे. दुसरी खूण दिसली की उठून बाजूला व्हा, कारण तो काईट घेऊन किनाऱ्यालाच येणार.

मी पोचल्या पोचल्या बॅग उघडत नाही. वाळूत बसून वारा कुठून येतोय, कोण कुठे वळतोय, उड्या कोण मारतोय हे बघतो. पाण्यावर पांढरी फेसाची टोपी दिसायला लागली की वारा साधारण १२ नॉटच्या, म्हणजे ताशी बावीस किलोमीटरच्या आसपास पोचला असं समजायचं. शिकवणाऱ्यांपैकी कुणाशी दोन शब्द बोललात तर आज कोण जोरात आहे तेही कळतं. प्रत्येक सर्फरची वळायची आणि उडायची जागा ठरलेली असते. तीन-चार फेऱ्यांत ती आपल्या लक्षात येते.

उडीचा क्षण पकडायचा तर सर्फरकडे बघून चालत नाही, काईटकडे बघावं लागतं. सर्फर पाण्यावर नुसता जात असतो तेव्हा काईट घड्याळातल्या दहा-अकरा किंवा एक-दोन वाजल्याच्या जागी स्थिर असतो. उडायच्या आधी सर्फर काईट डोक्यावर, बाराच्या दिशेने आणि थोडा पलीकडे फेकतो. त्याच वेळी बोर्डची कड पाण्यात रुतवतो. मागचा फवारा एकाएकी जाड होतो, गुडघे वाकतात, अंग आणखी मागे जातं. मग बोर्ड पाणी सोडतो. हे सगळं एक-दोन सेकंदांत होतं. त्यामुळे उजवा डोळा व्ह्यूफाइंडरला आणि डावा उघडा ठेवायची सवय करा. डाव्या डोळ्याला काईट वर जाताना दिसला की बटण दाबायला सुरुवात करा. बोर्ड सुटल्यावर दाबलं तर हातात फक्त उतरण येते. सगळी उडी एका दमात खरडू नका. सुटताना पाच-सहा फ्रेम, मग क्षणभर थांबून सर्वांत वर असताना पाच-सहा. बफर (कार्डवर लिहिण्याआधी फोटो साठवणारी कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरला तर सगळ्यात सुंदर क्षण कॅमेरा कार्ड लिहीत असताना निघून जातो.

फोकस सतत चालू राहणारा ठेवा, निकॉनवर एएफ-सी, कॅननवर एआय सर्वो. एकच बिंदू नको, छोटा गट किंवा झोन घ्या, कारण हलत्या माणसावर एक बिंदू टिकवणं कठीण आणि पूर्ण फ्रेम दिली तर कॅमेरा पुढच्या लाटेवर भाळतो. शटर १/१६०० किंवा त्याहून जलद, ॲपर्चर एफ ५.६ ते ८. उजेड कॅमेऱ्यावर सोडू नका. माणूस पाण्यावर असताना मागे गडद पाणी असतं, उडाला की मागे उजळ आकाश येतं, आणि कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा ऑटो मीटर प्रत्येक फ्रेमला वेगळं उत्तर देतो. मॅन्युअलवर जा, पांढरा फवारा जळत नाही एवढं बघून आयएसओ बसवा आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तपासा.

आता काईट फ्रेममध्ये घ्यायचा की नाही. तुमच्या क्रॉप सेन्सरवर ३०० मिमीला शंभर मीटरवर साधारण पावणेआठ मीटर रुंद आणि पाच मीटर उंच जागा मावते. उभा माणूस फ्रेमचा तिसरा हिस्सा व्यापतो. हे भरपूर आहे! काईटसकट हवा असेल तर त्याच जागेवरून कॅमेरा उभा धरून लेन्स ८० मिमीच्या आसपास आणा. २२ मीटरच्या लाइन्स, वर काईट, खाली थोडं पाणी, सगळं बसतं. म्हणजे जी लेन्स हातात आहे तीच दोन्ही कामं करते. फक्त मधल्या लांबीला फसू नका, जिथे काईट अर्धा कापला जातो. एक तर पूर्ण घ्या, नाही तर अजिबात नको.

उडी उंच दिसायला खाली पाणी किंवा दुसरा सर्फर फ्रेममध्ये लागतो. नुसत्या आकाशात लटकलेला माणूस दोन मीटरवर आहे की दहा, हे बघणाऱ्याला कळत नाही. गुडघ्यावर बसून काढा, क्षितिज खाली जातं आणि लहान उडीलाही उंची मिळते. गोव्याच्या वाऱ्यात याची गरज पडते. केपटाउनच्या ब्लूबर्गस्ट्रँडला आग्नेयेचा वारा ३० नॉटच्या वर वाहतो आणि मागे टेबल माउंटन उभा असतो. तिथले फोटो बघून मोरजीत तसं काही मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. इथल्या १२-१५ नॉटमध्ये लोक मोठे काईट घेऊन निघतात आणि उड्या काही मीटरच्या असतात. इथे फोटो मिळतात ते वेगाचे, वळणाचे आणि प्रकाशाचे. फॉइल बोर्डवाला दिसला तर सोडू नका. पाण्याखालच्या पंखावर अख्खा बोर्ड हवेत उचललेला असतो आणि मागे फवाराच नसतो. त्याला १/८० शटरने कॅमेरा सोबत फिरवत टिपा. पाण्याच्या रेषा होतात, माणूस स्थिर राहतो. दहात एखादा जमतो, पण तो एक ठेवण्यासारखा असतो.

साडेपाचनंतर मात्र मी वर सांगितलेलं सगळं उलटं करतो आणि मुद्दाम सूर्याकडे तोंड करून काढतो. काईटचं कापड पातळ असतं, मागून ऊन आलं की आतल्या शिवणी आणि हवा भरलेल्या नळ्यांसकट पेटून उठतं. इथे आकाशावर प्रकाश मोजून एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा उजेड ठेवा आणि माणूस काळा होऊ द्या. ओहोटी असेल तर ओल्या वाळूत त्याच रंगाचं प्रतिबिंब मिळतं. यासाठीच भरती-ओहोटीच्या वेळा बघून जायचं.

मोठ्या लेन्सबद्दल आणखी एक. १५०-६०० जवळपास दोन किलोची असते, वाऱ्यात तिचा हूड हलतो, आणि दुपारी तापलेल्या वाळूवरून हवा थरथरते. तीनशे मीटरवरचा सर्फर त्या हवेतून कुठल्याही लेन्सने मऊच येतो. जवळ जाणं, थांबणं आणि त्यांना आपल्याकडे येऊ देणं हाच उपाय. वर्षभर अशा जागेवरून काढून बघा आणि तरीही ३०० कमी पडते असं वाटलं, तर घ्या.

पैसे खर्च करायचेच असतील तर चांगला रेनकव्हर आणि सिलिका जेल घालून बंद होणारा डबा घ्या. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका. तुमची लेन्स झूम करताना लांब होते, म्हणजे प्रत्येक वेळी बाहेरची हवा आत ओढते, आणि त्या हवेत बारीक वाळू असते. एसी खोलीतून थेट किनाऱ्यावर कॅमेरा काढला तर काचेवर दव धरतं, तो बॅगेतच अर्धा तास राहू द्या. संध्याकाळी आधी ब्लोअरने वाळू उडवा, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या सुती फडक्याने बॉडी आणि लेन्सची बाहेरची बाजू पुसा, शेवटी कोरडं फडकं. कोरड्या फडक्याने सुरुवात केली तर मिठाचे कण घासले जातात. हे त्याच रात्री करायचं, घरी पोचल्यावर नाही.

सकाळी वारा नसतो तेव्हा झोपून राहू नका. थंडीत चापोरा नदीच्या मुखाशी कुरवांचे थवे बसतात, वर ब्राह्मणी घारी घिरट्या घालतात. फोकस टिकवायचा सराव त्यांच्यावर होतो. थव्यात घुसून त्यांना उडवू मात्र नका. आणि मोरजीचा टेंबवाड्याकडचा भाग ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा आहे. साधारण नोव्हेंबर ते एप्रिल माद्या अंडी घालायला येतात आणि वनखातं घरटी कुंपण घालून राखतं. कुंपणाजवळ ट्रायपॉड रोवणं नको, अंधार पडल्यावर टॉर्च आणि फ्लॅश नको. दक्षिणेला सरकायला मी सांगतोय खरं, पण या जागेच्या अलीकडेच थांबा. एखाद्या दिवशी वेगळा फोटो हवा असेल तर नदीपलीकडे चापोरा किल्ल्यावर जा. तिथून उत्तरेला अख्खी मोरजी, नदीचं मुख आणि पाण्यावरचे रंगीत काईट एका फ्रेममध्ये येतात. ड्रोनचा विचार सोडा, त्या लाइन्स ड्रोनच्या कॅमेऱ्यात दिसत नाहीत आणि खाली माणूस असतो.

राहिला लोकांचा प्रश्न. सर्फर पाण्यातून आला की जाऊन ओळख करून घ्या, स्क्रीनवर दोन फोटो दाखवा, नंबर विचारा. चेहरा ओळखू येईल असा फोटो कुठे टाकायच्या आधी विचारा, मुलं असतील तर आईवडिलांना. मागे आंघोळ करणाऱ्या बायका फ्रेममध्ये आल्या असतील तर तो फोटो कितीही चांगला असो, कापा किंवा काढून टाका. बदल्यात मी निवडक फोटो फुकट देतो. त्यातून ओळख वाढते आणि पुढच्या वेळी तीच माणसं उडी मारायला मुद्दाम आपल्या बाजूला येतात. शंभर फोटो मात्र पाठवू नका, पाच पाठवा. सर्फरला स्वतःचा तोच फोटो आवडतो ज्यात अंगाची ठेवण बरोबर आहे आणि काईट कुठे होता ते कळतं. आपल्याला आवडलेला फवारा त्याला बहुतेक वेळा दिसतही नाही.

पुढच्या खेपेनंतर फोटो टाकाल तेव्हा न कापलेली मूळ फ्रेम टाका, सोबत वेळ, शटर आणि तुम्ही कुठल्या दिशेला तोंड करून उभे होतात ते लिहा. त्यावरून फोकस चुकतोय की हात हलतोय, ते नेमकं सांगता येईल.