वाचकांचे प्रश्न : पिकअपवर कयाकसाठी घरचा रॅक

प्रश्न : माझ्याकडे पिकअप गाडी आहे आणि प्रत्येकी ३.५ मीटर लांबीच्या, सुमारे २५ किलो वजनाच्या प्लॅस्टिकच्या दोन कयाक (वल्ह्याने चालवायच्या अरुंद होड्या) आहेत. सध्या त्या हौद्यात तिरप्या ठेवून फाळका उघडा टाकतो, पण मग तंबू आणि इतर सामानाला जागा उरत नाही. म्हणून २ बाय ४ इंची लाकडी वाशांचा रॅक घरीच करण्याचे ठरवले आहे. पुढचा आडवा दांडा केबिनच्या टपावर आणि मागचा हौद्यावर, असा आराखडा काढला आहे. एवढे लाकूड वजन पेलेल का, की लोखंडी चौकोनी पाइप घ्यावा?

उत्तर : लाकूड वजन सहज पेलेल. उभ्या भाराचा विचार केला तर ५० किलो म्हणजे अशा वाशांच्या दृष्टीने काहीच नाही. घरी केलेले रॅक वजनाखाली मोडत नाहीत. ते ब्रेक लावताना पुढे कलतात, वळणावर बाजूला झुकतात आणि अशा रोजच्या हेलकाव्यांनी त्यांचे सांधे खिळखिळे होतात. कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक लावला, तर कयाकच्या वजनाच्या जवळजवळ पाऊणपट जोर पुढच्या दिशेने लागतो, आणि तोही उभ्या खांबांच्या अगदी टोकाशी. म्हणून आपला पैसा आणि वेळ जाड लाकडावर खर्च न करता तिरप्या आधारांवर आणि रॅक हौद्याला जखडण्यावर खर्च करावा, असे मला अगदी मनापासून वाटते.

आराखड्यातली एक गोष्ट मात्र कामाला हात घालण्यापूर्वीच बदला. बहुतेक पिकअपमध्ये केबिन आणि हौदा हे दोन स्वतंत्र भाग असतात आणि ते एकाच चासीवर वेगवेगळे बसवलेले असतात. खडबडीत रस्त्यावर गाडी हळू चालवायला कोणाला तरी सांगून बाजूने चालत पाहा : केबिन आणि हौदा यांच्यामधली फट वर कमी-जास्त होताना डोळ्यांना दिसते. एक दांडा टपावर आणि दुसरा हौद्यावर ठेवला, तर हे सगळे हलणे कयाक आणि पट्ट्यांवर येते. पट्टे सैल पडतात, प्लॅस्टिक घासते आणि टपाचा पत्राही दबतो. त्यामुळे पुढचे दोन्ही खांब हौद्यातच, केबिनच्या मागे उभे करावेत आणि त्यांची उंची अशी ठेवावी की कयाकचे पुढचे टोक टपाच्या सात ते दहा सेंटिमीटर वरून जाईल. मागचे खांब फाळक्याजवळ घ्यावेत. दोन आडव्या दांड्यांमध्ये सव्वा ते दीड मीटर अंतर मिळाले, तर आपल्या लांबीच्या कयाकला ते पुरेसे आहे.

आता तिरप्या आधारांविषयी. चार वासे जोडून केलेली चौकट हाताने दाबली की तिरकी होते, मग सांधे कितीही घट्ट असोत. त्रिकोण मात्र बाजू मोडल्याशिवाय आकार बदलत नाही. म्हणून डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाजूंना पुढच्या खांबाच्या माथ्यापासून मागच्या खांबाच्या पायाकडे एक-एक तिरपा वासा जोडावा. केबिनच्या मागच्या चौकटीत कैची, म्हणजे फुलीसारखे दोन तिरपे वासे, घालावी, पण काचेतून मागचे दिसत राहील इतकी खाली. फाळक्याच्या बाजूला कैची घातली तर सामान आत घेता येणार नाही. तिथे कोपऱ्यांवर १२ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचे मोठे त्रिकोणी तुकडे दोन्ही बाजूंनी लावले की काम भागते.

सांध्यांना खिळे वापरू नयेत. मी केलेल्या पहिल्या रॅकमध्ये खिळे होते, आणि एका उन्हाळ्यातच प्रत्येक खिळ्याभोवती लाकूड ओरबाडून लांबट भोक झालेले मला दिसले. आरपार जाणारे १० मिलिमीटरचे बोल्ट, दोन्ही बाजूंना मोठे वायसर आणि आत नायलॉनची कडी असलेले नट घ्यावेत, कारण ते कंपनांनी सुटत नाहीत. हौद्याच्या कडेवर वरून चौकोनी खाचा असतील, तर खांबांची टोके त्यांत बसतील अशी तासून आत उतरवावीत आणि आडवा बोल्ट घालून अडकवावीत. खाचा नसतील तर हौद्याच्या तळाशी असलेल्या कड्यांना रॅक खाली ओढून बांधावा.

शेवटी एक परीक्षा. पुढचा दांडा दोन्ही हातांनी धरून मागे-पुढे आणि बाजूला जोराने हलवा. रॅकसोबत संपूर्ण गाडी तिच्या स्प्रिंगांवर डोलली, तर काम चोख झाले आहे. गाडी स्थिर राहून एकटा रॅकच डोलला, तर कुठे तरी एखादा तिरपा वासा कमी पडतो आहे; तो शोधल्याशिवाय कयाक वर चढवू नये.

लोखंडी पाइप वापरण्यात गैर काही नाही, पण वेल्डिंग स्वतःला चांगले येत नसेल तर बोल्टने जोडलेले लाकूडच अधिक भरवशाचे.

प्रश्न : कयाक बांधण्यासाठी रॅचेटचे (दांडी मागे-पुढे करून आवळायचे) पट्टे चांगले, की साधे दाबाच्या बकलचे? वेग घेतला की माझे पट्टे जोरजोरात घुमतात, त्यावर काय उपाय?

उत्तर : प्लॅस्टिकच्या कयाकसाठी दाबाच्या बकलचा, साधारण २५ मिलिमीटर रुंदीचा पट्टा घ्यावा. रॅचेटमध्ये तरफेमुळे हाताचा जोर कित्येक पटींनी वाढतो, आणि उन्हात तापून मऊ झालेल्या पॉलिइथिलीनला (कयाकच्या प्लॅस्टिकला) त्याने खोल दाब बसतो. पट्टा पॉलिएस्टरचा असावा, कारण नायलॉन ओले झाले की ताणते आणि पावसात बांधणी सैल पडते. कयाक पालथी ठेवली तर ती आपल्या कडांवर नीट बसते आणि आत पाणी साचत नाही. घुमण्याचे कारण असे की सपाट पट्ट्यावरून वारा वाहताना तो सतत थरथरतो. बांधताना मोकळ्या भागात त्याला एक-दोन पीळ द्यावेत, आवाज थांबेल.

पुढच्या आणि मागच्या टोकांच्या दोऱ्यांना मात्र पर्याय नाही. समोरच्या काचेवरून वर चढणारा वारा कयाकचे टोक खालून उचलतो, आणि वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. ही दोरी गाडी ओढण्याच्या हुकाला बांधावी, प्लॅस्टिकच्या बंपरला नव्हे. आणि कयाक वाकेल इतकी ती ताणू नये. पहिल्या पाच-दहा किलोमीटरनंतर एकदा थांबून सर्व गाठी आणि बकले हाताने चाचपावीत. मागे बाहेर आलेल्या टोकाला लाल कापड बांधावे.

प्रश्न : लाकडाऐवजी पूर्ण रॅक पीव्हीसी पाइपचा केला तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. सततच्या भाराखाली तो हळूहळू वाकतो आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी ठिसूळ होतो. त्याचा एक उपयोग मात्र फार सोयीचा आहे : मागचा आडवा दांडा गोल लोखंडी पाइपचा घेऊन त्यावर थोडा मोठा पीव्हीसी पाइप सैल चढवावा. मग एकट्या माणसालाही कयाकचे टोक त्यावर टेकवून, दुसरे टोक उचलून ती पुढे ढकलता येते, कारण पाइप रुळासारखा फिरतो. पाइप चिरला की तेवढाच बदलावा. आतला दांडा तसाच राहतो.