शाळेत कधीच न गेलेल्या आजीला स्मृती तपासणीत ३० पैकी १७ गुण मिळाले, म्हणजे तिला डिमेंशिया झाला आहे का?

आपण लिहिले आहे की, गावातील आरोग्य शिबिरात आपल्या ७४ वर्षांच्या आजींना ३० पैकी १७ आणि जुन्या अकरावीपर्यंत शिकलेल्या आजोबांना २७ गुण मिळाले. त्यावरून आजींना स्मृतिभ्रंश (डिमेंशिया) असल्याचे घरच्यांना सांगण्यात आले. यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यांमध्ये अशा चाचण्या घेणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे थोडे सविस्तर उत्तर देत आहे.

वर्णनावरून ही चाचणी १९७५ साली अमेरिकेत तयार झालेली मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन असावी. तिच्यात तारीख, महिना, वर्ष विचारतात, १०० मधून सात-सात वजा करायला लावतात, एक वाक्य लिहायला, कागदावरची 'डोळे मिटा' ही सूचना वाचून तसे करायला आणि एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन पाहून काढायला सांगतात. २४ पेक्षा कमी गुण आले की पुढील तपासणी करावी, असा तिचा रूढ संकेत आहे. यातील लिहिणे, वाचणे, पंचकोन काढणे आणि तोंडी वजाबाकी या गोष्टी शाळेत शिकवल्या जातात. ज्या बाईने आयुष्यात पाटी हातात धरली नाही, तिचे आठ गुण स्मरणशक्तीचा प्रश्न येण्याआधीच धोक्यात येतात.

शिक्षणाचा परिणाम केवढा मोठा असतो हे सांगणारा मोठा अभ्यास १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. १८ हजारांहून अधिक प्रौढांमध्ये, नऊ किंवा अधिक वर्षे शाळेत गेलेल्यांचे मध्यक गुण २९, पाच ते आठ वर्षे शिकलेल्यांचे २६ आणि चार वर्षांपर्यंतच शिकलेल्यांचे २२ होते. म्हणजे या शेवटच्या गटातील निम्मी माणसे २२ किंवा त्याहून कमी गुणांवर होती. वयाचाही परिणाम दिसला, कारण विशीच्या आसपास २९ असलेला मध्यक ऐंशीच्या पुढे २५ वर आला. आपल्याकडे वयाचा हिशेब आणखी अवघड होतो, कारण आधार कार्डावर १ जानेवारी ही जन्मतारीख असलेल्या आजी-आजोबांचे खरे वय घरातही कोणाला नक्की ठाऊक नसते.

मागच्या भाद्रपदात एका आजींची चाचणी घेतली. तारीख विचारल्यावर त्या म्हणाल्या, "तारीख-गिरीख मले नाई समजत बाई, पण पोळा होऊन पाच रोज झाले, परवा महालक्ष्म्या बसतीन." उत्तर अचूक होते, पण छापील कागदावर त्याला गुण नव्हता. शंभरातून सात वजा करताना त्या पहिल्याच पायरीवर थांबल्या. त्यानंतर सुनेच्या निंदणाच्या मजुरीचा विषय निघाला, तेव्हा सहा दिवसांचे अडीचशेप्रमाणे पंधराशे, त्यातून उचलीचे चारशे गेले, राहिले अकराशे, हे त्यांनी वाती वळता वळता सांगितले. पेन्सिल मात्र त्यांनी विळ्याच्या मुठीसारखी धरली आणि कागदावर एक आडवी रेघ ओढून तो परत केला. त्या रेघेवरून मेंदूविषयी काही ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

हाच विचार करून हरियाणातील बल्लभगड येथे निरक्षर वृद्धांसाठी हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन तयार झाली आणि १९९५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगायचे असते आणि वाचून डोळे मिटण्याऐवजी समोरच्याचे पाहून मिटायचे असतात. आजींची चाचणी कोणत्या नमुन्याने झाली, हे अवश्य विचारावे.

स्त्री-पुरुष भेदाविषयी थोडक्यात सांगते. शब्दांची यादी आठवण्यात स्त्रिया बहुधा किंचित सरस असतात. तरीही भारतातील वृद्ध स्त्रियांचे एकूण गुण पुरुषांपेक्षा कमी येतात आणि शिक्षण हिशेबात धरले की हा फरक बराच कमी होतो. आजींच्या पिढीत भावाला शाळेत आणि बहिणीला धाकट्या भावंडांच्या राखणीला ठेवले गेले. तेच इथे गुणांच्या रूपाने दिसते.

मात्र "आजी शिकलेल्या नाहीत, म्हणून १७ गुण ठीकच" असे म्हणून गप्प बसणेही मला मान्य नाही. कमी शिक्षण हे डिमेंशियाच्या जोखमीचे एक मान्य कारण आहे, त्यामुळे गुणांना फार सवलत दिली तर खरा आजार तिच्याआड लपतो. उलट शिकलेल्या माणसाला जुन्या सवयीने बरीच उत्तरे देता येतात. आजोबा वर्षभरात व्यवहारात चुकू लागले असतील, तर त्यांच्या २७ गुणांवरही निर्धास्त राहू नये.

म्हणून आजींची तुलना दोन वर्षांपूर्वीच्या आजींशीच करावी. चूल पेटती ठेवून विसरणे, भाजीत दोनदा मीठ घालणे, आठवडी बाजारातून परतताना वाट चुकणे, नातवंडांची नावे न सुचणे, तोच प्रश्न तासाभरात चारदा विचारणे, यांतले काही नव्याने सुरू झाले आहे का, हे घरातील स्त्रियांना विचारावे. मुलांपेक्षा त्यांना हे अधिक माहीत असते. मोतीबिंदू आणि कमी ऐकू येणे यांची तपासणी आधी करावी. रक्तातील हिमोग्लोबिन, साखर, बी-१२ आणि थायरॉइड पाहावे. अलीकडे घरात मृत्यू झाला असेल किंवा आजी खिन्न राहत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगावे. गोंधळ दोन-चार दिवसांत अचानक वाढला असेल, तर मात्र वाट न पाहता त्यांना रुग्णालयात न्यावे.

एरवी सहा महिन्यांनी हीच चाचणी शांत जागी, आजींच्या वऱ्हाडी बोलीत आणि शक्यतो त्याच व्यक्तीकडून पुन्हा करून घ्यावी. त्या वेळी शिबिरातला कागद सोबत न्यावा आणि त्यावर शिक्षणाच्या रकान्यात "शून्य वर्षे" असे लिहिले आहे की नाही, हे पाहून घ्यावे.